तीन बटणांचं ट्रम्पेट, सतरा चाव्यांचं क्लॅरिनेट

कॉन्सर्ट बँडमध्ये वाजवायचंय म्हणून येणारा नवीन माणूस कुठलं वाद्य सोपं हे ठरवताना हमखास बटणं मोजतो. ट्रम्पेटला तीन, म्हणजे सोपं. ट्रॉम्बोनला तर एकही नाही, नुसती स्लाइड मागेपुढे करायची. आणि क्लॅरिनेटला सतरा चाव्या, ते नको रे बाबा. आमच्या नवशिक्यांच्या बॅचमध्येही हेच चाललेलं, आणि सरांना हे ऐकायची सवय असावी, कारण त्यांनी वाद न घालता एवढंच सांगितलं की आधी सगळी वाद्यं तोंडाला लावा, मग बोलू. बॅचमध्ये शाळकरी पोरं होती आणि माझ्यासारख्या नोकरी सांभाळून आलेल्याही दोनतीन जणी होत्या. पोरांना कसलीच लाज नसते, ती सरळ फुंकत सुटली, आम्ही मात्र आधी इकडेतिकडे बघत बसलो.

ज्यांना कॉन्सर्ट बँड म्हणजे नक्की काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑर्केस्ट्रातून व्हायोलिन, चेलो वगैरे तारांची वाद्यं काढून टाकली आणि त्यांचं काम क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, युफोनियम यांच्यात वाटून दिलं की जे उरतं ते. तारवाद्य असलंच तर एखादा डबल बेस. बाकी वुडविंड, ब्रास आणि मागे उभं राहून वाजवणारे पर्कशनवाले, म्हणजे तालवाद्यवाले. वुडविंड म्हणजे लाकडाचंच हवं असं अजिबात नाही बरं का, फ्लूट चांदीची किंवा चांदीचा मुलामा दिलेल्या धातूची असते आणि सॅक्सोफोन तर आख्खा पितळेचा, तरी दोन्ही वुडविंडमध्येच. बघायचं असतं आवाज कशाने सुरू होतो ते. सॅक्सला रीड, म्हणजे फुंकलं की थरथरणारी पाती, आहे म्हणून तो वुडविंड, ट्रम्पेटला ओठ थरथरवावे लागतात म्हणून ते ब्रास. विषय संपला.

पहिली फ्लूट हातात आली. अख्खी नाही, फक्त वरचा तुकडा, हेड जॉइंट. त्याच्या भोकात फुंकायचं नसतं, भोकावरून फुंकायचं असतं, म्हणजे हवेची धार पलीकडच्या कडेवर आपटून निम्मी आत निम्मी बाहेर जायला हवी. शेजारच्या मुलीचा पहिल्याच फुंकरीत स्वच्छ सूर लागला, मी नुसती हवा सोडत बसले आणि गरगरायला लागलं. हे गरगरणं सगळ्यांना होतं, एवढी हवा भराभर सोडायची शरीराला सवय नसते, तेव्हा थोडं थांबायचं आणि परत सुरू करायचं. ओबोचं बरोबर उलटं. दोन पातळ पात्या एकत्र बांधलेली रीड असते आणि दोघींच्या मधली फट इतकी बारीक की हवा खपतच नाही. फुप्फुसात शिळी हवा साठून राहते, म्हणून ओबोवाले श्वास घ्यायच्या आधी बाहेर टाकतात, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

मग ब्रास. ट्रम्पेटचा नुसता माउथपीस घेऊन ओठ मिटून त्यातून हवा ढकलायची, ओठ बझ झाले पाहिजेत, माशी घोंगावल्यासारखा आवाज यायला हवा. हा आवाज आला नाही तर पुढे लावलेल्या ट्रम्पेटचा काहीही उपयोग नाही. माझा आला, पण दोन मिनिटांत ओठाची ताकद संपली आणि नंतर कॉफीचा कप धरतानाही ओठ ऐकेना.

आता ते तीन बटणांचं प्रकरण. हे मला नीट समजून घ्यायचंच होतं कारण तीन बटणांतून सगळे सूर निघतात कसे हा साधा प्रश्न आहे आणि बरीच वर्षं वाजवणारेही त्याचं उत्तर देताना चाचरतात. तर एकही बटण न दाबता, फक्त ओठांचा ताण आणि हवेचा वेग बदलून, ट्रम्पेटमधून खालचा सी, मग जी, मग वरचा सी, मग ई, मग त्याच्या वरचा जी असे सूर निघतात (सीला सा धरलं तर ई म्हणजे ग आणि जी म्हणजे प; शार्प म्हणजे अर्धा सूर वर, फ्लॅट म्हणजे अर्धा सूर खाली). बिगुल वाजवणारे याच्यावरच अख्खी धून वाजवतात, बिगुलला बटण नसतंच. पण खालच्या सी आणि जीच्या मध्ये मोठी दरी आहे, सहा सूर गायब आहेत. बटण म्हणजे वॉल्व्ह दाबला की हवेच्या वाटेत नळीचा जादा तुकडा जोडला जातो, नळी लांब झाली की सूर उतरतो. दुसरा वॉल्व्ह अर्धा सूर उतरवतो, पहिला एक पूर्ण, तिसरा दीड. मग यांची बेरीज करायची: दुसरा, पहिला, पहिला आणि दुसरा, दुसरा आणि तिसरा, पहिला आणि तिसरा, तिन्ही. बरोबर सहा पायऱ्या. जीवरून उतरत आलो की सहा पायऱ्यांत सी शार्पला पोचतो आणि त्याच्या खाली मोकळा सी उभाच असतो. दरी भरली. वर तर सूर आणखी जवळजवळ येत जातात, तिथे एवढ्या पायऱ्याही लागत नाहीत. ट्रॉम्बोनचंही हेच गणित, फक्त तिथे वॉल्व्हच्या जागी स्लाइडच्या सात पोझिशन, आणि स्लाइडवर कुठे खूण नसते, कानाने जागा शोधायची.

हे कळल्यावर लक्षात येतं की बटणं कमी आहेत म्हणजे ते काम दुसरीकडे कुठेतरी गेलंय. ते गेलंय ओठांवर. एकच बोट दाबून ट्रम्पेटवर चारपाच वेगवेगळे सूर येऊ शकतात, कुठला येणार हे तुमच्या तोंडाने ठरवायचं. फ्रेंच हॉर्नवर तर कहर आहे. त्याची नळी सरळ केली तर पावणेचार मीटरच्या आसपास भरते, आणि हॉर्न जिथे बहुतेक वेळ वाजतो त्या भागात हे मोकळे सूर इतके दाटीवाटीने असतात की केसाएवढा फरक पडला की शेजारचा सूर लागतो. कार्यक्रमात हॉर्नवाल्याचा सूर फाटला तर मी आता हसत नाही. बाकी वॉल्व्ह डाव्या हाताने आणि उजवा हात बेलच्या, म्हणजे नळीच्या रुंद तोंडाच्या, आत खुपसलेला, हे बघायला मजा वाटते पण त्या हाताने सूर किंचित वरखाली करता येतो आणि आवाज मऊ होतो.

ट्युबा मी फक्त एकदा फुंकला आणि अख्खा श्वास एका सुरात गेला. बस.

मला क्लॅरिनेट मिळालं. मला हवं होतं का? मला सॅक्स हवा होता, खरं सांगायचं तर, दिसायला झकास म्हणून. पण सॅक्स मागणाऱ्यांची रांग लागलेली आणि क्लॅरिनेटच्या खुर्च्या रिकाम्या. कॉन्सर्ट बँडमध्ये क्लॅरिनेटं पुष्कळ लागतात, फर्स्ट सेकंड थर्ड असे तीन भाग असतात, ऑर्केस्ट्रात व्हायोलिनं जे करतात ते इथे क्लॅरिनेटं करतात. सरांनी माउथपीस आणि बॅरल एवढंच जोडून दिलं आणि फुंकायला सांगितलं, समोर ट्यूनर, म्हणजे कुठला सूर लागतोय ते दाखवणारं यंत्र, ठेवला. बी फ्लॅट क्लॅरिनेटचा माउथपीस अधिक बॅरल नीट फुंकला की एफ शार्प यायला हवा. खाली आला तर ओठ ढिले, दाब कमी. माझा एफ शार्प लागला, तो डगमगला पण लागला, आणि माझं नाव लिहून टाकलं गेलं.

पुढचे कितीतरी दिवस वाजवण्यापेक्षा जोडण्यातच गेले असं वाटतं. पाच तुकडे: माउथपीस, बॅरल, वरचा जॉइंट, खालचा जॉइंट, बेल. सांध्यांच्या कॉर्कला ग्रीस लावायचं नाहीतर कॉर्क फाटतो. दोन मोठे जॉइंट जोडताना वरच्या जॉइंटच्या रिंग दाबून धरायच्या, म्हणजे मधली ब्रिज की उचलली जाते, नाहीतर ती खालच्या तुकड्यावर आपटून वाकते आणि मग बरेच सूर लागेनासे होतात. रीड मात्र स्वतंत्र संसार आहे. बांबूसारख्या दिसणाऱ्या एका गवताच्या दांड्यातून कापलेली पाती, टोकाला इतकी पातळ की उजेडात धरली तर आरपार दिसतं. तोंडात धरून ओली करायची, सपाट बाजू माउथपीसवर टेकवायची, टोक माउथपीसच्या टोकाशी अगदी जुळवायचं, वरून माउथपीसची काळी कडा केसभर दिसली पाहिजे, मग लिगेचर, म्हणजे रीड धरून ठेवणारा पट्टा, सरकवून स्क्रू आवळायचे, बेताने. रीड अर्धा मिलिमीटर तिरकी बसली तरी वाद्य किंचाळतं. नवशिक्यांनी दोन किंवा अडीच नंबर घ्यायचा, तीन नंबर जाड असतो, त्याला हवा जास्त लागते. एकाच खोक्यातल्या दोन रीड सारख्या वाजत नाहीत हे लवकर मान्य करून टाकलेलं बरं. मी तीनचार रीड आलटून पालटून वापरते, एकच रोज वापरली तर ती मरते.

तोंडाची ठेवण, ज्याला सगळे एम्बुशर म्हणतात, ती अशी: खालचा ओठ खालच्या दातांवर थोडासा दुमडायचा, त्यावर रीड टेकवायची, वरचे दात थेट माउथपीसवर, कोपरे आवळलेले, हनुवटी सपाट. गाल फुगवायचे नाहीत. आरशासमोर बसून सराव करायला सांगितलं होतं आणि मी करत होते, घरच्यांनी दार लावून घेतलं तो भाग वेगळा. जीभ रीडच्या टोकाला हलकेच लावून सोडायची, तू तू तू, हे टंगिंग. सूर सुरू करण्यासाठी हवेला धक्का द्यायचा नसतो, हवा आधीपासून तयार असते, जीभ फक्त दार उघडते.

बोटांचं म्हणाल तर सतरा चाव्यांची भीती फार लवकर जाते. क्लॅरिनेटला समोर सहा आणि मागे अंगठ्याचं एक अशी सात उघडी भोकं असतात, मुख्य खेळ त्यांचाच, बाकी चाव्या करंगळ्यांना आणि बोटांच्या कडेला. तक्ता भिंतीवर चिकटवला आणि बोटं पाठ झाली. पण बोटाच्या गादीने भोक पूर्ण झाकलं गेलं नाही, बाजूने जरा हवा गळली, की झालं, टर्र किंवा चीं. बोट सपाट ठेवायचं, टोकाने दाबायचं नाही. नीट वाजवून बोट उचलल्यावर गादीवर भोकाचा गोल ठसा दिसतो, तो पूर्ण गोल आहे का बघायचं, अर्धा चंद्र दिसला तर हवा तिथून गेली. आमच्याकडे एक आजोबा वाजवतात त्यांनी हे दाखवलं, मला तक्त्यापेक्षा याचा जास्त उपयोग झाला.

खरी भिंत पुढे होती, खालच्या सुरांवरून वरच्या सुरांवर जायची जागा, तिला ब्रेक म्हणतात. इथे क्लॅरिनेट बाकी सगळ्या वुडविंडपेक्षा विचित्र वागतं. फ्लूटवर खालचे सूर वाजवून तीच बोटं ठेवून फुंकर बदलली की वरच्या सप्तकातला तोच सूर येतो. सॅक्सवर अंगठ्याची ऑक्टेव्ह की दाबायची, तेच. क्लॅरिनेटवर अंगठ्याची की दाबली की खालच्या एफचा वरचा एफ होत नाही, सी होतो. एक सप्तक आणि त्याच्याही वरचा पंचम. कारण असं की क्लॅरिनेटची नळी एकसारख्या व्यासाची आहे आणि माउथपीसकडून ती बंद असल्यासारखी वागते, अशा नळीत सप्तकाचा सूर तयारच होत नाही, थेट त्याच्या पुढचा होतो. सॅक्स शंकूसारखा रुंद होत जातो म्हणून त्याला हा त्रास नाही. याचा फायदाही आहे म्हणा, क्लॅरिनेट आणि फ्लूट लांबीला जवळपास सारखेच असतात, दोन्ही साधारण पासष्ट-सत्तर सेंटिमीटर, पण क्लॅरिनेट जवळजवळ सप्तकभर जास्त खाली जातं. तोटा असा की दोन मजल्यांच्या मधे जास्त सूर भरावे लागतात आणि ते भरायला वाद्याच्या गळ्यापाशी, म्हणजे वरच्या टोकाजवळ, त्या जादा चाव्या दिल्यात. एकही भोक न झाकता जी, मग ए, मग बी फ्लॅट, इथपर्यंत हातात जवळपास काही नाही, वाद्य नुसतं अंगठ्यावर आणि दातांवर तोललेलं, आणि पुढच्या बीसाठी एका क्षणात सगळी भोकं झाकून वर करंगळी आणि अंगठ्याची की. आठ बोटांनी एकदम एकाच वेळी बसायचं. एकाला उशीर झाला की चीं.

यावरची युक्ती सरळ आहे पण पुस्तकात पटकन सापडत नाही: गळ्याचे ए, बी फ्लॅट वाजवत असतानाच उजव्या हाताची बोटं खाली ठेवून द्यायची. त्या सुरांना त्याने जवळपास फरक पडत नाही, आणि बी आला की निम्मी बोटं आधीच जागेवर. आणि दुसरी गोष्ट, ब्रेक ओलांडताना लोक घाबरून ओठ आवळतात, तो आवळायचा नाही, हवा तशीच चालू ठेवायची, उलट थोडी जास्त. मला बोटांपेक्षा हे जास्त जड गेलं, कारण चीं होणार या भीतीने हवा आपोआप कमी होते आणि हवा कमी झाली की चीं होतंच.

पहिल्यांदा पूर्ण बँडमध्ये बसले त्या दिवशी वेगळाच गोंधळ. सर म्हणाले, सगळ्यांनी कॉन्सर्ट बी फ्लॅट. फ्लूट आणि ट्रॉम्बोनवाल्यांनी आपापला बी फ्लॅट लावला, आम्ही क्लॅरिनेटवाले आणि ट्रम्पेटवाले सी लावतोय, आल्टो सॅक्सवाले जी, हॉर्नवाले एफ, आणि ऐकू येतोय एकच सूर. सारेगम शिकलेल्या माणसाला हे पटकन कळेल: प्रत्येक वाद्य आपापला सा वेगळ्या पट्टीत धरून बसलंय आणि लिहिणारा त्या त्या वाद्याच्या सा प्रमाणे कागद लिहून देतो. यामुळे एक सोय होते, आल्टो सॅक्सवाल्याला उद्या टेनर, म्हणजे त्याहून मोठा सॅक्स, दिला तरी कागदावरचा सूर आणि बोटं तीच राहतात, खरा सूर किती वरखाली होईल हे लिहिणाऱ्याने आधीच बघितलेलं असतं. गैरसोय अशी की शेजारच्या फ्लूटवालीचा कागद बघून क्लॅरिनेट वाजवता येत नाही, वाजवलं तर सगळं एक सूर खाली वाजतं आणि तिचा चेहरा बघण्यासारखा होतो.

ट्यूनिंगबद्दल बोलायलाच हवं कारण बँडचा आवाज चांगला की वाईट हे तिथेच ठरतं. ए म्हणजे 440 हर्ट्झ हे सगळ्यांना माहीत असतं, ट्यूनरही फोनवर फुकट मिळतो, तरी सगळे बेसूर का? एक तर थंड वाद्य खाली वाजतं आणि गरम झालं की वर चढतं, कारण गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो, म्हणून आल्या आल्या ट्यून करून काही उपयोग नाही, आधी पंधरावीस मिनिटं वाजवून वाद्य तापवायचं. सूर चढा असेल तर नळी लांब करायची: क्लॅरिनेटचा बॅरल किंचित बाहेर ओढायचा, ट्रम्पेटची मोठी ट्यूनिंग स्लाइड, फ्लूटचा हेड जॉइंट. दुसरं, आणि हे मला फार आवडतं, फ्लूट जोरात फुंकली की सूर वर चढतो आणि क्लॅरिनेट जोरात फुंकलं की खाली उतरतो. म्हणजे एकाच सुरावर दोघांनी मिळून आवाज वाढवत न्यायचा असेल तर दोघं वाजवता वाजवता एकमेकांपासून दूर जातात. शेजारच्या फ्लूटवालीने आणि मी हे मुद्दाम करून बघितलं. सुरुवातीला सूर एकजीव होता, आवाज वाढायला लागला तसे त्यात हेलकावे ऐकू यायला लागले, वाँव वाँव वाँव, आधी संथ, मग भरभर. एक 440 आणि दुसरा 442 असेल तर सेकंदाला दोन हेलकावे. ते संथ होत होत थांबले की जुळलं. हे कानाला एकदा कळलं की ट्यूनरकडे बघायची गरज कमी होते, आणि मला तर वाटतं नवशिक्यांकडून ट्यूनर थोडे दिवस काढूनच घ्यावा, सुईकडे बघत वाजवणाऱ्याला शेजारी ऐकू येत नाही.

पर्कशनला लोक सोपं समजतात, ते बिचारे शांतपणे ऐकून घेतात. मी मागे उभं राहून झांजा वाजवून बघितल्या, कॉन्सर्टच्या मोठ्या, दोन हातात दोन. सरळ समोरासमोर आपटल्या तर मधे हवा अडकून पच्च असा आवाज येतो आणि दोन्ही चिकटतात. थोडं तिरकं, एका कडेआधी दुसरी कडा, अशा लावायच्या. बेस ड्रम बरोबर मधोमध मारायचा नाही, जरा बाजूला, नाहीतर नुसता धप्प होतो. स्नेअर ड्रमच्या खालच्या चामड्याला तारा टेकलेल्या असतात, ड्रमरने हात न लावताही आमच्या क्लॅरिनेटच्या एखाद्या सुराने त्या झिरझिरायला लागतात, म्हणून शांत भाग आला की खटका पाडून तारा सैल करायच्या असतात. हे सगळं करून साठसत्तर बार, म्हणजे ठरावीक मात्रांचे तुकडे, गप्प उभं राहून मोजायचं आणि एकदाच ट्रँगल वाजवायचा. एक, दोन, तीन, चार, दोन, दोन, तीन, चार, तीन, दोन, तीन, चार, असं मोजतात, म्हणजे पहिला आकडा बारचा. मला हे जमणार नाही.

सध्या मी बास क्लॅरिनेटवर बसते कारण आमच्याकडचा वाजवणारा बदली होऊन गेला आणि कुणीतरी बसायला हवं होतं. जमिनीला टेकणारा लोखंडी खुंटा, वर वाकडी धातूची मान, खाली वर वळलेली बेल. कागद तोच ट्रेबल क्लेफचा, म्हणजे नेहमीच्या क्लॅरिनेटसारखाच लिहिलेला, वाजतं मात्र नेहमीच्या क्लॅरिनेटपेक्षा सप्तकभर खाली. बोटं जवळजवळ तीच, एकही नवीन सूर पाठ करावा लागला नाही. पहिल्या दिवशी सगळी बोटं बरोबर होती आणि आवाज मात्र कण्हल्यासारखा, कारण माउथपीस मोठा, रीड रुंद, ओठ पूर्वीइतके आवळले तर ते गुदमरतं. जबडा सैल करायचा, तोंडात जागा करायची, हवा गरम आणि भरपूर, काचेवर वाफ धरायला सोडतो तशी. रोज पंधरा मिनिटं नुसता खालचा ई धरून बसते, ट्युबावाल्याशेजारी खुर्ची लावलीये, आणि तो श्वास घेतो तेव्हा मी घ्यायचा नाही एवढं आमचं ठरलंय, म्हणजे खालचा सूर मधेच तुटत नाही.